तीन वाफे आणि चार दिवस

आमच्या घरात कुणालाही विचारा, माझ्याबद्दल पहिलं हेच सांगतील की हिच्या नाकावर राग. खोटं कशाला बोलू, एम.टेक.सुद्धा मी रागानेच केलं. बाबांवरच्या रागाने.

आमची माहीमला पानवेलींची वाडी आहे. माहीम म्हणजे केळव्याच्या शेजारचं, पालघर तालुक्यातलं. कॉलेजात पहिल्याच दिवशी एकीने "म्हणजे दादरच्या पुढे का?" असं विचारलं, तेव्हापासून हे मी आधीच सांगून टाकते. विड्याची पानं, तीच आमची. बाबा त्या वेलींना रोज पाणी देतात. त्यांचे वडील रोज द्यायचे म्हणून तेही रोज. लहानपणी मी विचारायचे, "बाबा, रोज का?" उत्तर ठरलेलं, "लागतं." एक दिवस नाही दिलं तर? "सुकंल." कधी सुकलेली बघितलीय का तुम्ही? "म्हनून तर रोज देतो नं!" या उत्तरावर माझं डोकं असं फिरायचं की काय सांगू. पुढे मी सिव्हिल इंजिनीअर झाले, तारापूरच्या एका कारखान्यात पाणी शुद्ध करण्याच्या विभागात लागले, दिवसभर टाक्या, पंप आणि मीटर बघू लागले, तरी ते "लागतं" काही डोक्यातून गेलं नाही.

एकतिसाव्या वर्षी एम.टेक.ला नाव घातलं. नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. आत्या म्हणाली, "या वयात बाया पोरांना शाळेत घालतात, ही सोताच चालली!" नोकरी करणाऱ्यांसाठीचा वर्ग होता, शनिवार-रविवार. नऊ वर्षांनी समीकरणं समोर आली तेव्हा ती मला ओळखेनात आणि मी त्यांना. पहिल्या चाचणीत साफ नापास झाले. बाकावर शेजारी बसणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने मला "मॅडम, मी समजावू का?" म्हणून विचारलं आणि मी राग गिळून "समजाव" म्हटलं. त्यानंतर पालघर ते बोईसर कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपणं बंद. मांडीवर वही आणि रस्त्यातल्या खड्ड्यांबरोबर उडणारी पेन्सिल. दीड वर्षाने सगळे विषय सुटले, चांगल्या गुणांनी सुटले, आणि त्या मुलीने शेवटच्या विषयात माझ्या नोट्स वापरल्या. हे मी मुद्दाम सांगतेय.

मग आला प्रबंध. वर्गातल्या बाकीच्यांनी धरणं निवडली, नद्या निवडल्या, कॉम्प्युटरवरचे पूर निवडले. मी माझ्या मार्गदर्शक सरांना म्हटलं, "सर, पानवेलीला रोज पाणी लागतं का, एवढंच मला बघायचंय." सर कमी बोलणारे. म्हणाले, "एवढंच म्हणू नका. एवढं नीट बघितलंत तरी पुष्कळ झालं."

प्रयोग साधा होता. वाडीतले तीन वाफे घ्यायचे. पहिल्याला बाबांच्या पद्धतीने रोज पाणी. दुसऱ्या आणि तिसऱ्यात एकेक नळी रोवायची. तिचं खालचं टोक सच्छिद्र मातीचं, वर काट्याचा मीटर. आत पाणी भरायचं. जमीन सुकत गेली की ती नळीतलं पाणी ओढते आणि काटा चढतो. जमीन ओली तेव्हा काटा शून्यापाशी. दुसऱ्या वाफ्याला काटा वीसवर गेल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, तिसऱ्याला चाळीसवर गेल्याशिवाय. साठ दिवस रोज सकाळी काटे वाचायचे, पानं बघायची, लिहून ठेवायचं. सरांची अट एकच : साठांतला एकही दिवस गाळायचा नाही.

आणि इथेच घोडं अडलं, कारण वाडीला नियम आहेत. कुडापाशी, म्हणजे नारळाच्या झावळ्यांच्या कुंपणापाशी, चपला काढायच्या, पाय धुवायचे, मगच आत. दारू प्यालेल्या माणसाने आत यायचं नाही. आणि बाईने महिन्याचे ते चार दिवस कुडाच्या आत पाऊल टाकायचं नाही. घरात आमच्याकडे बाजूला बसणं वगैरे केव्हाच सुटलं. मी त्या दिवसांत स्वयंपाक करते, देवापुढे दिवा लावते, बाबांनी कधी हूं की चूं केलं नाही. पण वाडीचं वेगळं. वेल नाजूक, पान देवाला जातं, लग्नात जातं. विचारलं, "बाबा, कुणी गेलं म्हणून वेल सुकलेली बघितलीय का तुम्ही?" तर तेच उत्तर, "म्हनून तर कोनी जात नाय!"

मी तेव्हा भांडले नाही. नाकावर राग असला तरी वाडी त्यांची आहे, एवढं मला कळतं. बाबा स्वतःहून म्हणाले, "ते चार दिवस मी वाचीन काटे. मी तिथंच असतो नं." मी त्यांना शिकवलं, त्यांनी चष्मा लावून तीनदा वाचून दाखवलं, अगदी बरोबर. माझा जीव भांड्यात पडला.

दिवाळीनंतर प्रयोग सुरू केला. रोज साडेसहाला वाडीत, काटे वाचायचे, पाय पुसून चपला, स्कूटीवर पालघर, बस. चार दिवस बाबा. त्यांच्या अक्षरात आकडे माझ्यापेक्षा नेटके. साठ दिवस झाल्यावर मी मोठ्या ऐटीत आलेख काढून सरांपुढे ठेवला. सर बराच वेळ बघत राहिले. दोन्ही मीटरच्या रेषा चढत होत्या, पाण्याच्या दिवशी उतरत होत्या, पुन्हा चढत होत्या, आणि दोन ठिकाणी, जवळजवळ महिन्याच्या अंतराने, चार-चार दिवस जमिनीला चिकटल्या होत्या. शून्य, दोन, शून्य, शून्य.

सर म्हणाले, "तुमच्या वाडीत दर महिन्याला चार दिवस पाऊस पडतो का हो?"

मी म्हटलं, मीटर बिघडला असणार. दुसरं काही डोक्यात आलंच नाही. दोन्ही मीटर काढले, कारखान्यात साहेबांची परवानगी काढून आमच्या कॅलिब्रेशनच्या बाकावर लावले. तिथे उत्तर प्रदेशचे एक भय्या आहेत, मीटर तपासण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी दोन्ही मीटर चढवले, उतरवले, बोटाने टिचकी मारली, पुन्हा चढवले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मैडम, मीटर तो सही है। आदमी चेक करो।"

घरी जाऊन आदमी चेक केला. बाबा ओटीवर पानांच्या जुड्या लावत बसले होते. मी म्हटलं, "बाबा, त्या चार दिवसांत तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या वाफ्याला पाणी दिलंत का?"

"दिलं नं."

"का?"

"काटा चढत व्हता. वेलीला तहान लागलेली. तू सांगितलंस नं, काटा चढला म्हंजे माती सुकली. मंग पानी दिलं, काटा शून्यावर आला, लिवलं."

म्हणजे माझ्या बाबांना मीटर माझ्यापेक्षा चांगला कळला होता. तहान किती ते सांगणारं यंत्र हातात आलं, आणि तहानलेल्या वेलीपुढे नुसतं उभं राहून आकडा लिहायचा, हे त्यांना जमेना. चाळीस-पन्नास वर्षं ज्या हाताने रोज पाणी दिलं तो हात खिशात कसा ठेवायचा? आज मला हे समजतं. त्या संध्याकाळी मात्र मी इतकी ओरडले की शेजारची काकू बघायला आली. "साठ दिवस! माझे साठ दिवस पाण्यात घातलेत तुम्ही!" बाबा जुडी हातात धरून तसेच बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "वेली तहानेल्या ठेवून डिगरी देतात काय गो बाय?" मी वही आपटून आत गेले. आणि आत जाऊन रडले, ते काही लपवत नाही.

सरांना खरं सांगणं भाग होतं. पुरुषासमोर हे कसं बोलायचं म्हणून आधी पाचावर धारण बसली, मग मीच स्वतःवर चिडले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं : नियम, चार दिवस, बाबा, पाणी. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "ठीक. कारण कळलं. उपाय?" मी वहीची पानं चाळू लागले. सर म्हणाले, "नोंदणीची मुदत तुम्हाला एकदा वाढवून मिळालीय, पुन्हा मिळणार नाही. जूनमध्ये प्रबंध दिला नाहीत तर तीन वर्षं गेली. पावसाआधी एक साठ दिवसांचा प्रयोग बसतो. तो अखंड हवा. तो कसा करायचा ते मी सांगणार नाही, वाडी तुमची आहे."

वाडी माझी नव्हती, हीच तर गोम होती.

घरी जेवताना मी सांगितलं की शेवटची संधी आहे, आणि या वेळी पाण्याला कुणी हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, "तुजी आय वाचील नं काटे. तिला आता काय अडचन नाय." खरंच होतं. आईचं वय उलटल्यापासून ती कधीही आत जाते. मी आईकडे बघितलं. आईने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"मला वाचता येतात," ती म्हणाली. "पन मी नाय वाचनार. ही वाचंल."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. आई आमची कमी बोलते, पण त्या दिवशी तिने सगळा हिशेब चुकता केला. "लगीन होऊन आले तवापासून म्हयन्याचे चार दिवस मी कुडाच्या भायेर. चहाची किटली कुडाला टेकवून मागं फिरलेय, आत तुमी हाय का नाय तेबी बघितलं नाय. कदी चुकवलं नाय मी. त्या वर्षी रोग आला, अर्दी वाडी गेली, तुमी रडलात. तवा आत कोन गेलेलं, सांगा? मी तर भायेर व्हते!"

बाबा हात धुऊन उठले आणि नारळांना पाणी सोडायला निघून गेले. आई मला म्हणाली, "जेव." त्या बाईला मी इतकी वर्षं नुसतं "माझी आई साधी आहे" असं म्हणत आले होते.

होळी झाल्यावर दुसऱ्यांदा वाफे आखले. दहा दिवस सुरळीत गेले. बाबा तिसऱ्या वाफ्याजवळून जाताना मान दुसरीकडे वळवायचे. पण पाणी दिलं नाही, हे मीटरच सांगत होता. अकराव्या दिवशी सकाळी मी वही-पेन घेऊन गेले आणि कुडापाशी थांबले. चपला पायातच होत्या. बाबा आत, पहिल्या वाफ्यात वाकलेले.

"बाबा," मी म्हटलं, "आजपासून चार दिवस..."

त्यांनी वर बघितलं. तीन वर्षं त्या कुडावर टांगलेली होती.

"काटा कोन वाचनार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगाल तो."

"मला चष्म्याबिगर दिसत नाय," बाबा म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. "चपला काढ, पाय धू नि ये."

मी आत गेले. पायाखाली रेताड जमीन गार होती. खरं सांगते, मीसुद्धा घाबरले होते. इंजिनीअर असले, आलेख काढत असले, तरी बालपणापासून अंगात मुरलेलं एका सकाळी निघत नाही. काटे वाचले : दुसरा चौदा, तिसरा सत्तावीस. आजही वहीत ते सत्तावीस वाकडं आहे. मी बाहेर पडले की बाबा माझ्यामागून तिन्ही वाफ्यांत फिरायचे, एकेक पान उलटून बघायचे. मला ते दिसायचं, मी न बघितल्यासारखं करायचे.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या वाफ्यातली खालची पानं पिवळी पडलेली दिसली.

माझ्या आधी बाबांनी बघितली. मी पोचले तेव्हा ते उकिडवे बसून एक पान बोटांत धरून होते. मी मनात म्हटलं, संपलं. आता हे काय म्हणणार ते मला पाठ आहे. आता आईलाही ऐकून घ्यावं लागणार. बाबा उठले, दुसऱ्या वाफ्यात गेले, तिथली पानं उलटली. मग पहिल्या वाफ्यात. मग परत तिसऱ्यात आले. असं त्यांनी दोनदा केलं.

"तू तिनी वाफ्यांत गेलेलीस नं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

"मंग एकच पिवळा पडलाय." त्यांनी पिवळ्या पानाला बोट लावलं. "तुज्यामुळं पडता तर तिनी पडले असते. ह्यो पान्याबिगर पडलाय."

मी पाण्याच्या पाटाच्या काठावर बसले. तुलनेसाठी एक वाफा नेहमीसारखा का ठेवायचा, एका वेळी एकच गोष्ट का बदलायची, हे आम्हाला कॉलेजात एक अख्खं सत्र शिकवलं होतं, आणि मी ते घोकून परीक्षेत लिहिलं होतं. माझ्या सातवी शिकलेल्या बाबांनी ते वाफ्यात उभं राहून, जन्मभराच्या समजुतीवर लावून दाखवलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी त्यांच्या पायाला हात लावला. "काय गो, सकाळी सकाळी?" म्हणून ते मागे सरकले. दोन दिवसांनी काटा चाळीसवर गेला. "आता द्या पाणी," मी म्हटलं, आणि बाबा अक्षरशः धावले.

साठ दिवस पुरे झाले. एकही नोंद गाळली नाही. वीसचा वाफा रोजच्या वाफ्याइतकाच हिरवागार राहिला, पाणी मात्र कितीतरी कमी लागलं. म्हणजे रोज पाणी लागत नाही. सगळा जन्म ज्या उत्तरासाठी चिडले ते हातात आलं, तेव्हा चिडायला कुणी उरलंच नव्हतं. बाबांनी दुसऱ्या वाफ्यातला मीटर काढू दिला नाही, "ऱ्हाऊ दे, बघतो मी," म्हणाले. पहिल्या वाफ्याला अजूनही रोज पाणी देतात. सवय, दुसरं काय.

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक बाईंनी प्रबंध अक्षरन् अक्षर वाचला होता. त्यांनी विचारलं, "पहिल्या मोसमाची आकडेवारी तुम्ही निष्कर्षातून वगळलीत. का?" मी सांगितलं. सरळ सांगितलं, मान वर करून, मराठीत. माझे सर खिडकीकडे बघत होते.

"आणि दुसऱ्या मोसमात काय बदललं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या वडिलांनी तिन्ही वाफे बघितले आणि स्वतः निष्कर्ष काढला," मी म्हटलं.

बाई हसल्या. पुढचे प्रश्नही झाले, सूत्रांचे, त्रुटींचे, एकात मी अडखळले, पण आता काय, गाडी फलाटाला लागली होती. शेवटी बाईंनी सही केली.

बांधून आलेल्या प्रबंधाची एक प्रत मी घरी आणली. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. आई कुडापाशी केळीची पानं कापत होती, बाबा आत होते. आईने हात पदराला पुसले आणि प्रबंध घेतला. सगळा इंग्रजीत. "काय लिवलंस त्यातलं एक तरी वाच," ती म्हणाली. मी तिसरं प्रकरण उघडलं आणि एक वाक्य मराठी करून वाचलं : तिन्ही वाफ्यांतल्या नोंदी विद्यार्थिनीने स्वतः आत जाऊन, साठ दिवस, दररोज सकाळी घेतल्या.

"दररोज?" आईने विचारलं.

"दररोज."

"म्हंजे ते चार दिवस पन?"

"ते पण. छापलंय बघ."

आईने त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला इंग्रजी येत नाही, तरी तिने बोट ओळीच्या शेवटापर्यंत नेलं. आतून बाबांचा आवाज आला, "चपला काढून गेलेली, ते लिवलं का?"

"नाही लिहिलं, बाबा."

"लिवायला पायजे व्हतं!"

आईने चपला काढल्या, पाय धुतले, आणि प्रबंध छातीशी धरून त्यांना दाखवायला आत गेली.